शाळेच्या पाटीवरचं नाव : जाईबाई चौधरी



विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघणार म्हटल्यावर थोर माणसांची चरित्रं त्यात असतातच. तथागतांचं चरित्र असतं, बाबासाहेबांचं असतं, जोतिबा-सावित्रीबाईंचं असतं, माता रमाईचं असतं. ती असलीच पाहिजेत. पण ज्या माणसांनी आपल्याच शहरात, आपल्याच वस्तीत, आपल्याच आज्या-पणज्यांच्या हातात पाटी दिली, त्यांचं नाव आपल्याला शाळेच्या पाटीवर वाचूनच तेवढं माहीत असतं. पोरगी त्या शाळेत जाते, दाखल्यावर शाळेचं नाव येतं, आपण सही करून दाखला घडी घालून ठेवतो. त्या नावाची बाई कोण होती, हे विचारायचं राहूनच जातं.

नागपुरात जाईबाई चौधरी यांच्या नावानं शाळा आहे. तिची सुरुवात १९२२ साली एका लहानशा मुलींच्या शाळेनं झाली. ती शाळा कोण्या शेठ-सावकारानं काढली नाही की सरकारनं काढली नाही. डोक्यावर ओझी वाहून पोट भरलेल्या एका महार समाजातल्या बाईनं ती काढली. तिचीच ही गोष्ट आहे.

उमरेडहून नागपूर

जाईबाईंचा जन्म २ मे १८९२ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या उमरेड इथं झाला. उमरेड हे हातमागाचं जुनं गाव. पण ज्यांच्याकडे शेती नाही, ज्यांच्या हातचं पाणी कोणी पीत नाही, अशा घरात जन्मलेल्या पोरीला गाव जुनं असो की नवं, काय फरक पडणार? बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा. म्हणजे जाईबाई त्यांच्यापेक्षा एक वर्षाने लहान. दोघांच्या काळात अंतर नाही. पण मुलगा असणं आणि मुलगी असणं यात मात्र फार मोठं अंतर होतं. अस्पृश्याच्या मुलाला निदान वर्गाबाहेर, गोणपाटावर का होईना बसण्याची वाट कुठे कुठे उघडली होती. अस्पृश्याच्या मुलीला तेवढंही दार नव्हतं.

जाई चार वर्षांची असताना, १८९६ साली, दुष्काळ पडला. तो एका गावचा दुष्काळ नव्हता. त्या वेळच्या मध्य प्रांताला त्यानं पुरतं पिळून काढलं. पाऊस गेला, पिकं गेली, ज्वारी महाग झाली. दुष्काळात सगळ्यात आधी कोणाची चूल विझते? ज्याच्याकडे साठवलेलं धान्य नाही, ज्याला कोणी उधार देत नाही, त्याची. खेड्यातली आपली माणसं पोटासाठी शहराकडे निघाली. जाईच्या आईवडिलांनीही पोरांना घेऊन नागपूर गाठलं. उमरेड ते नागपूर हे अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचं. आज एसटीनं आपण ते सहज जातो. त्या वर्षी ते अंतर किती घरांनी कसं कापलं असेल, याचा हिशोब कोणी ठेवला नाही.

नागपूर तेव्हा बदलत होतं. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली होती आणि गिरणीच्या भोंग्यानं शहराचा दिवस उजाडू लागला होता. रेल्वे आली होती. कामठीला फौजेची छावणी होती. या सगळ्याला हात लागत होते, आणि ते हात बरेचसे आपल्या माणसांचे होते. गावातली जोहार-पाटीलकी इथं थोडी सैल झाली होती. मात्र विहीर वेगळी, वस्ती वेगळी आणि शाळेचं दार बंद, हे इथंही सुटलं नव्हतं.

नवव्या वर्षी लग्न, डोक्यावर ओझं

१९०१ साली जाईचं लग्न झालं. नवऱ्याचं नाव बापूजी चौधरी. लग्नाच्या वेळी जाई नऊ वर्षांची होती! आज आपल्या घरातली नऊ वर्षांची मुलगी तिसरी-चौथीत असते, पाढे पाठ करते, आईजवळ हट्ट करते. त्या काळी त्या वयात पोरगी सासरी गेली म्हणजे तिचं बालपण संपलं असंच समजायचं.

सासरीही गरिबी होतीच. जाईबाई कामाला लागल्या. काम कोणतं? तर हमालीचं. नागपूर-कामठी स्टेशनच्या भागात लोकांचं सामान डोक्यावर वाहून न्यायचं. नागपूर ते कामठी हा रस्ता पंधरा-सोळा किलोमीटरचा. उन्हाळ्यात नागपूरचं ऊन कसं असतं हे आपल्याला कोणी सांगायला नको. त्या उन्हात डोक्यावर चुंभळ आणि चुंभळीवर दुसऱ्याच्या पेट्या. ज्यांच्या पेट्या त्या वाहात होत्या, त्यातले कितीतरी लोक त्यांच्या हातचं पाणी पिणारे नव्हते. त्यांच्या डोक्यावरच्या पेटीला मात्र विटाळ होत नव्हता! विटाळ ही गोष्ट गरजेप्रमाणे कशी लहानमोठी होते, हे आपल्या आयाबायांनी कोणत्याही पुस्तकाआधी स्वतःच्या मानेवर अनुभवलं होतं.

मिस ग्रेगरी भेटल्या

याच कष्टाच्या दिवसांत जाईबाईंची एका मिशनरी बाईशी ओळख झाली. त्यांचं नाव मिस ग्रेगरी. या बाईंनी जाईबाईंना लिहा-वाचायला शिकवलं.

हे एका ओळीत लिहून होतं, पण जरा थांबून विचार करा. लग्न झालेली, संसार करणारी, दिवसभर ओझं उचलणारी बाई संध्याकाळी अक्षर गिरवायला बसते. बोटांना पेन्सिल धरायची सवय नाही. अंग मोडून आलेलं आहे. आजूबाजूचे लोक म्हणणार, हिला आता या वयात काय बॅरिस्टर व्हायचं आहे का? अशा वेळी शिकवणारीपेक्षा शिकणारीची जिद्द मोठी लागते. आपल्या वस्तीत प्रौढ शिक्षणाचे वर्ग ज्यांनी चालवले त्यांना हे ठाऊक आहे. चार दिवस पंधरा बाया येतात, महिन्यानंतर दोन उरतात. जाईबाई त्या उरणाऱ्यांपैकी होत्या.

मिस ग्रेगरींचे उपकार आपण मोकळ्या मनाने मानले पाहिजेत. ज्ञान कोणाकडून आलं यापेक्षा ते आपल्यापर्यंत आलं हे महत्त्वाचं. सावित्रीबाईंच्या आणि जोतिबांच्या शिक्षणालाही मिशनरी बाईमाणसांचा हात लागला होता. पण ते अक्षर घेऊन पुढं काय करायचं, हे मात्र ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

नोकरी आली आणि गेली

लिहा-वाचायला येऊ लागल्यावर मिस ग्रेगरींनी जाईबाईंना मिशनच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळवून दिली. डोक्यावरचं ओझं उतरलं आणि हातात खडू आला. महार समाजातली एक हमाल बाई मास्तरीण झाली! यापेक्षा मोठा चमत्कार त्या काळात दुसरा कोणता?

पण तो फार दिवस टिकला नाही. शाळेत शिकवणारी बाई अस्पृश्य आहे, हे हळूहळू लोकांना समजलं. सवर्ण पालकांनी आपली मुलं शाळेतून काढायला सुरुवात केली. मुलंच नाहीत तर शाळा कशी चालणार? शेवटी जाईबाईंना ती नोकरी सोडावी लागली.

आपल्या मुलांना नेहमी सांगितलं जातं की शिकलात म्हणजे मान मिळेल. ते खरंच आहे. पण जाईबाईंच्या आयुष्यात हे वाक्य इतक्या सरळ खरं ठरलं नाही. अडाणी असताना त्यांनी ओझं उचललेलं समाजाला चाललं. शिकल्यावर त्यांनी शिकवलेलं चाललं नाही. म्हणजे राग त्यांच्या अडाणीपणाचा नव्हताच. त्या शिकल्या, आणि शिकून खुर्चीवर बसल्या, हे खुपलं. नोकरी गेल्यावर त्या परत स्टेशनावर गेल्या असत्या तर त्यांना कोणी दोष दिला नसता. घरात तोंडं खाणारी होती, पैशाची गरज होती. पण त्यांनी वेगळा विचार केला. दुसऱ्यांची मुलं माझ्याकडून शिकायला तयार नसतील, तर माझ्या वस्तीतल्या मुली तर आहेत! त्यांना तर कोणीच शिकवायला तयार नाही.

१९२२ : मुलींची शाळा

ही गोष्ट समजायला त्या वेळचं नागपूर डोळ्यांपुढे आणावं लागतं. शहरात अस्पृश्यांची चळवळ जागी झाली होती. मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे वर्तमानपत्रं काढत होते, कीर्तनातून-गाण्यांतून समाजाला हलवत होते. १९०७ सालीच त्यांनी पाचपावलीत चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा सुरू केली होती. मे १९२० च्या शेवटी छत्रपती शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद भरली आणि बाबासाहेबही तिला हजर होते. मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न नागपूरच्या आपल्या बाया तेव्हापासूनच सभेत मांडू लागल्या होत्या. जाईबाई या हवेत वाढल्या. हिंमत त्यांची स्वतःची होती, पण त्या एकट्या नव्हत्या.

१९२२ साली त्यांनी नई बस्ती भागात संत चोखामेळा कन्या शाळा सुरू केली. तेव्हा त्यांचं वय तीस.

शाळा काढणं सोपं, चालवणं कठीण, असं जुने लोक म्हणतात. मुलींची शाळा तर त्याहून कठीण. कष्टकऱ्यांच्या घरात मोठी मुलगी ही अर्धी आईच असते. आई गिरणीत किंवा बांधकामावर गेली की लहान भावंडं तिच्या कडेवर. पाणी तिनं भरायचं, शेण-गोवऱ्या तिनं पाहायच्या, विड्या वळायला तिनं हात लावायचा. अशी पोरगी शाळेत पाठवायची म्हणजे घरातला एक कामाचा हात कमी करायचा. वर लोक म्हणणार, शिकून हिला कोण करून घेईल? चूल फुंकायला बाराखडी कशाला लागते? शाळा मागणाऱ्या बाईला हे सगळं दारोदार ऐकावं लागणार, हे उघड आहे.

जाईबाईंजवळ या प्रश्नांना एक उत्तर होतं, ते कोण्या पुस्तकी पंडिताजवळ नव्हतं. ते उत्तर म्हणजे त्या स्वतः. नऊ वर्षांची नवरी, हमाल, आणि आता शिक्षिका. शहरातली एखादी शिकलेली बाई येऊन सांगती तर वस्तीतल्या बाया म्हणाल्या असत्या, तुमचं ठीक आहे हो बाई, आमचं वेगळं आहे. जाईबाईंना असं कोण म्हणणार? त्यांचं वेगळं नव्हतंच.

शाळेच्या नावाविषयीही दोन शब्द बोललं पाहिजे. आज काही तरुण विचारतात की आपल्या बाईनं शाळेला चोखामेळ्याचं नाव का दिलं? तर त्या काळात नागपुरात आपल्या शाळांना, वसतिगृहांना चोखोबांचंच नाव असे. आपल्यातला एक माणूस, ज्याचा शब्द सगळ्या महाराष्ट्रानं ऐकला, अशी ओळख तेव्हा आपल्याजवळ तीच होती. धर्मांतराची घोषणा १९३५ ची आणि दीक्षा १९५६ ची. १९२२ च्या माणसाला १९५६ च्या मापानं मोजणं बरोबर नाही. त्या नावाखाली ज्या मुली अक्षर शिकल्या, त्यांच्याच नातवंडांनी पुढं पंचशील वाचलं, हे विसरू नये.

सभेत बोलणारी बाई

जाईबाई शाळेपुरत्या राहिल्या नाहीत. ऑगस्ट १९३० मध्ये नागपुरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली दलितांची अखिल भारतीय परिषद भरली, त्याच वेळी स्त्रियांचीही परिषद झाली. त्या व्यासपीठावरून जाईबाई बोलल्या. विषय एकच, मुलींना शिक्षणाची प्रत्येक संधी मिळाली पाहिजे. ही मागणी आता आपल्याला साधी वाटते. पण अस्पृश्य समाजातली, हमाली करून वर आलेली बाई हजारोंच्या चळवळीसमोर उभी राहून ती करते, तेव्हा मागणीचं वजन वेगळं असतं.

पंगतीतलं वेगळं ताट

आता जी गोष्ट सांगायची आहे ती ऐकून आजही अंगावर काटा येतो.

१९३७ च्या डिसेंबरात नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलं. देशभरातल्या शिकलेल्या, मोठ्या घरच्या स्त्रिया जमल्या. स्त्रियांचे हक्क, स्त्रियांचं शिक्षण, बालविवाह अशा विषयांवर ही परिषद काम करीत असे. आपल्या समाजातल्या जाईबाईंसारख्या कार्यकर्त्या बायाही तिथं गेल्या. का जाऊ नये? पंधरा वर्षं मुलींची शाळा चालवणाऱ्या बाईपेक्षा स्त्रियांच्या प्रश्नावर बोलायचा जास्त हक्क कोणाला होता?

पण जेवणाची वेळ आली तेव्हा जाईबाई आणि त्यांच्या सोबतच्या अस्पृश्य बायांना वेगळं बसवण्यात आलं. सगळ्यांची पंगत एकीकडे, यांची ताटं दुसरीकडे.

मिशनच्या शाळेत अडाणी पालकांनी पोरं काढली होती. इथं तर सगळ्या शिकलेल्या होत्या! व्यासपीठावर भगिनी आणि पंगतीत अस्पृश्य. जाईबाई तेव्हा पंचेचाळीस वर्षांच्या होत्या. आयुष्यभर त्यांनी हेच सोसलं होतं. गप्प बसून चार घास गिळून उठून येणं त्यांना काही नवीन नव्हतं.

पण या वेळी त्या गप्प बसल्या नाहीत. नागपूरच्या दलित स्त्रियांनी १ जानेवारी १९३८ रोजी स्वतःची सभा घेतली, झालेल्या अपमानाचा जाहीर निषेध केला आणि आपली संघटना आपणच उभी करायची असं ठरवलं. जे आपल्याला सोबत जेवायला बसवत नाहीत, ते आपल्यासाठी बोलणार तरी काय, हा त्यामागचा साधा विचार होता. भीमा-कोरेगावच्या दिवसामुळे १ जानेवारी ही तारीख आपल्याला ठाऊक आहे. याच तारखेला नागपूरच्या आपल्या आज्यांनीही एक लढाई केली, हे पण लेकरांना सांगत चला.

१९४२ आणि पुढे

या निर्धाराचं फळ चारच वर्षांत दिसलं. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या मोहन पार्कवर अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची घोषणा झाली. त्याच मंडपात २० जुलैला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद झाली. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क, एकापेक्षा जास्त बायका करण्यावर बंदी, कामगार स्त्रियांना भरपगारी रजा, कायदेमंडळात स्त्रियांना जागा, मुलींसाठी वसतिगृहं असे ठराव त्यांनी पास केले. एवढ्या बाया एका जागी पाहून बाबासाहेबांना आनंद झाला आणि त्यांनी त्यांना मुलांच्या शिक्षणाविषयी, स्वच्छतेविषयी, लग्नाची घाई न करण्याविषयी चार गोष्टी सांगितल्या.

या बाया एका दिवसात आकाशातून पडल्या नव्हत्या. एवढा मोठा जमाव उभा राहायला आधी वीस-पंचवीस वर्षं वस्त्या-वस्त्यांमधून कोणी तरी बायांना घराबाहेर काढावं लागतं, मुलींना पाटी द्यावी लागते, सभेत बोलायची सवय लावावी लागते. ते काम जाईबाईंनी आणि त्यांच्या सोबतिणींनी केलं. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात लाखो लोकांनी बाबासाहेबांसोबत धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा त्यात बायाही होत्या. त्यांना कोणी ओढून आणलं नव्हतं.

नई बस्तीतली ती लहानशी शाळा वाढत गेली. पहिल्या वर्गांची शाळा पुढं मोठ्या वर्गांपर्यंत पोचली आणि संत चोखामेळ्याच्या नावाची ती शाळा काढणाऱ्या बाईच्याच नावानं ओळखली जाऊ लागली. जाईबाई चौधरी ज्ञानपीठ हे नाव असं आलेलं आहे. पुतळा, चौक, उड्डाणपूल अशा कितीतरी गोष्टींना नावं देता येतात. पण माणसानं स्वतः उभ्या केलेल्या शाळेला त्याचं नाव लागणं, यापेक्षा योग्य मान दुसरा नाही.

आता आपलं काय?

चरित्र वाचून हात जोडले आणि पान उलटलं तर जाईबाईंना काय मिळालं? म्हणून विहाराच्या सगळ्या कुटुंबांना दोन-तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट. आपल्या घरातली मुलगी आठवी-नववीनंतर शाळा सोडते आहे का, हे प्रत्येकानं आपल्या घरात आणि शेजारी पाहावं. आई कामाला जाते म्हणून लहान भावाला सांभाळायला मुलगी घरी, हे १९२२ मध्ये होतं. आपल्या वस्तीत ते पुरतं संपलं आहे, असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

दुसरी गोष्ट. विहारात येणाऱ्या वयस्क बायांपैकी ज्यांना अजून सही करता येत नाही, त्यांना लाज वाटायचं कारण नाही. जाईबाईही संसाराला लागल्यावरच शिकल्या. लाज वाटायचीच तर शिकलेल्या सुना-नातवंडांना वाटावी, की घरात अक्षर असून आजीपर्यंत पोचलं नाही.

तिसरी गोष्ट. आपल्यात पोटजातीचा, गरीब-श्रीमंताचा, साहेब-मजुराचा भेद करून कोणाचं ताट वेगळं मांडलं जात असेल तर १९३७ ची पंगत आठवा. शिकलेल्या माणसाच्या हातूनही हे पाप होतं, हे जाईबाईंच्या चरित्रानं आपल्याला दाखवलं आहे. आणि आता शिकलेले आपणही आहोत!

आणि शेवटची विनंती. १४ एप्रिल आपण थाटात करतो, बुद्धपौर्णिमा करतो. या दोहोंच्या आसपासच २ मे येतो. त्याच सुमारास शाळांचे निकाल लागलेले असतात. त्या दिवशी विहारात मुलींना बोलवावं, त्यांचे निकाल सगळ्यांपुढे वाचावे, जिला कमी मार्क पडले तिलाही वही-पेन द्यावं आणि जाईबाईंची ही गोष्ट एखाद्या मुलीनंच उभं राहून सांगावी. खर्च काहीच नाही. लाऊडस्पीकरही लागत नाही.

ज्या बाईनं दुसऱ्यांच्या पेट्या डोक्यावर वाहिल्या, तिनं पुढं आपल्या लेकींच्या शिक्षणाचा भार उचलला आणि तो कधी खाली ठेवला नाही. आता तो आपल्या डोक्यावर आहे.

जाईबाई चौधरी यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!

जयभीम! नमो बुद्धाय!